टोचनचा दोर आणि पाच मीटरचं अंतर

बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीमागे बांधून नेणं म्हणजे टोचन. शब्द ‘टो-चेन’वरून आला असावा हे उघड दिसतं, पण तो आता इतका घरचा झालाय की त्यात साखळी असायलाच हवी असं काही राहिलेलं नाही. बहुतेकदा दोर असतो, आणि रायगडच्या किनाऱ्यावर तर होडीचा दोर. रेवदंडा, बोर्ली, दिघी, भरडखोल, कुठल्याही बंदरातून बर्फाच्या पेट्या भरून निघालेल्या पिकअपच्या हौद्यात निळ्या किंवा हिरव्या प्लास्टिक दोराचं एक वेटोळं पडलेलं असतं. सुकेळी खिंडीत किंवा कार्लेखिंडीत गाडीने दम सोडला की तोच दोर निघतो. एक टोक मागच्या गाडीच्या पुढच्या हुकात, दुसरं पुढच्या गाडीच्या मागच्या हुकात, मध्ये एक-दोन गाठी, की चला. दोर भक्कम आहे ना, एवढाच प्रश्न विचारला जातो. तो प्रश्न चुकीचा नाही, पण दुय्यम आहे. टोचनचं साधन निवडताना गाडी ओढली जाईल का, याआधी ती थांबेल का हे पाहायला हवं. या एका निकषावर पारखलं की दोर, पट्टा, दांडा आणि क्रेन यांची आपल्या मनातली क्रमवारी बरीचशी उलटी होते.

आधी ओढण्याचं गणित पाहू, कारण ते फारच सोपं निघतं. मालासकट तीन टनांची पिकअप सपाट डांबरी रस्त्यावर सावकाश न्यायला जेमतेम पन्नास किलोचा ताण लागतो. चाकं फिरतात, गाडी घसटत नाही. वीस मीटरला एक मीटर चढ असेल तर त्यात दीडशे किलोची भर पडते. एकूण दोनशे किलो, म्हणजे सिमेंटच्या चार गोण्या टांगल्या तर दोरावर जेवढा भार येईल तेवढा. एवढं वजन अंगठ्याइतका जाड, नवा, नायलॉनचा दोर हसत पेलेल. मग दोर तुटतात कशाने? हिसक्याने. दोर ढिला पडतो, पुढची गाडी ताशी साडेतीन-चार किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही कमी वेगाने, मागचीपेक्षा पुढे सरकते आणि दोर एकदम ताणला जातो. दोन्ही गाड्या तीन-तीन टनांच्या धरल्या तर त्या क्षणी साडेसातशे ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. तारेचा दोर पाच सेंटिमीटर ताणूनच थांबत असेल, तर त्याच्यावर सरासरी दीड टन आणि शेवटच्या क्षणी त्याच्या दुपटीइतका ताण येतो. तीच ऊर्जा नायलॉनने अर्धा मीटर ताणून जिरवली, तर ताण एक दशांशावर येतो. म्हणून टोचनला तारेचा दोर किंवा साखळी ही सर्वांत ‘मजबूत’ म्हणून आणलेली वस्तू हुकाच्या दृष्टीने सर्वांत वाईट ठरते. ती स्वतः तुटत नाही, ती हुक उपटते. आणि तुटलीच, तर ताणलेली तार काच फोडून आत येते. त्यावर ओली गोणी किंवा घोंगडी टाकायची जुन्या ड्रायव्हरांची सवय उगाच नाही. तार सुटली तर गोणीच्या वजनाने ती उसळण्याऐवजी खाली बसते.

इथपर्यंत नायलॉनचा दोर जिंकला. आता तीच जोडी खिंड ओलांडून उताराला लागू द्या. दोराला ओढता येतं, ढकलून धरता येत नाही. चढावर पुढच्या गाडीच्या स्वाधीन असलेली पिकअप उतारावर स्वतःच्या वजनाने पुढच्या गाडीवर यायला लागते, आणि तिला आवरायचं काम तिच्या स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाचं. त्याच्या हातात काय असतं? इंजिन बंद आहे, म्हणून ब्रेकचा बूस्टर मेलेला. साठलेल्या निर्वातावर एक-दोन वेळा पाय नीट बसतो, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जड. चावी काढून खिशात टाकली असेल तर स्टिअरिंग लॉक होतं, आणि मग पहिल्याच वळणावर खेळ खलास. टोचन करताना चावी ‘ऑन’वर ठेवा, हे म्हणूनच कुणालातरी मोठ्याने बोलून दाखवावं लागतं.

कायद्याने या परिस्थितीचा विचार केलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९८९ च्या रस्ता नियमांत गाडी ओढण्यावर स्वतंत्र कलम होतं. २०१७ मध्ये त्या नियमांची जागा नव्या वाहनचालन विनियमांनी घेतली, पण सांगाडा तोच राहिला. बिघडलेली किंवा पुरती जोडणी न झालेली गाडी आणि नोंदणी झालेला ट्रेलर सोडून दुसरं काही ओढायचं नाही. बिघडलेली गाडी जवळच्या गॅरेज किंवा पंपापर्यंतच न्यायची. ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक हवा, नाहीतर तिची पुढची चाकं क्रेनने उचललेली हवीत. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको. दोर दुरून दिसेल असा काहीतरी उपाय हवा. मागे पांढऱ्या पाटीवर ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ लिहिलेलं हवं. आणि १९८९ च्या मजकुराप्रमाणे वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको. (चोवीस हा विचित्र आकडा म्हणजे पंधरा मैलांचं भाषांतर, हे लपत नाही.) आता वेगाचा आणि अंतराचा हे दोन आकडे एकमेकांसमोर बसवून पाहा. ताशी २४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ६.७ मीटर. समोर अचानक म्हैस आली, पुढच्याने ब्रेक मारला आणि मागच्याला ते कळून पाय टाकायला एक सेकंद लागला, तर दोघांचे ब्रेक सारखेच लागले तरी थांबेपर्यंत त्याने पुढच्यापेक्षा ६.७ मीटर जास्त कापलेले असतात. मध्ये अंतर आहे पाच. म्हणजे कायद्याची कमाल वेगमर्यादा आणि कमाल अंतर दोन्ही तंतोतंत पाळूनही, दोराच्या टोचनमध्ये मागची गाडी पुढचीच्या डिक्कीत शिरू शकते. दोर वापरायचाच तर वेग दहा-बाराच्या पुढे जाऊ देऊ नये हे मी त्यामुळेच म्हणतो. त्या वेगाला एका सेकंदात तीन-साडेतीन मीटर जातात आणि दीड मीटर हाती उरतो.

दांडा हे गणितच बदलून टाकतो. लोखंडी नळीचा, दोन्ही टोकांना पिन किंवा शॅकल बसणारा टोचनचा दांडा ओढतोही आणि रोखूनही धरतो. मागची गाडी पुढे यायला लागली की तिचा धक्का दांड्यातून पुढच्या गाडीला जातो आणि पुढच्या गाडीचे चालू इंजिनाचे, बूस्टर जिवंत असलेले ब्रेक दोघींना थांबवतात. हिसका जवळजवळ नाहीसा होतो, कारण ढिलेपणच नसतं. त्याची किंमत मात्र चुकवावी लागते: पुढच्या ब्रेकना आता दुप्पट वजन आवरायचं आहे, म्हणून ओढणारी गाडी ओढल्या जाणारीपेक्षा जड हवी, निदान बरोबरीची. ‘छोटा हत्ती’ टेम्पोने मालासकटची बोलेरो पिकअप दांड्यावर घेऊन म्हसळ्याच्या घोणसे घाटात उतरायचं म्हणजे संकटाला आवतण आहे. तिथे दांडा उलट दोरापेक्षाही वाईट, कारण वळणावर मागून येणारा धक्का हलक्या गाडीची शेपूट बाजूला ढकलतो. दांड्याची उंचीही पाहावी लागते. दोन्ही टोकांत हातभर चढउतार असेल तर ब्रेक लागताना तो पुढच्या गाडीचा मागचा भाग उचलतो किंवा मागचीचं नाक दाबतो. चार इंचांपेक्षा जास्त फरक नको, हा बाहेरच्या देशांत पाळला जाणारा दंडक आपल्याला सहज उचलता येईल. मोजायला एक पट्टी पुरते.

बाहेरच्या देशांचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेतल्या मोटरहोमवाल्यांकडे पाहू, कारण टोचनच्या साधनांचा एवढा बारकाईने विचार दुसऱ्या कुणी केलेला नाही. तिथे घरासारखी बस घेऊन महिनोन्‌महिने हिंडणारे लोक तिच्यामागे स्वतःची पिकअप चारही चाकांवर, रिकामी, ड्रायव्हरविना ओढत नेतात. त्यांचं साहित्य पाहा: पिकअपच्या चेसिसला पुढे कायमची बोल्ट केलेली पट्टी, तिला दोन ठिकाणी अडकणारा इंग्रजी ‘ए’ आकाराचा दांडा, दांडा निसटला तर गाडी धरून ठेवणाऱ्या दोन सुरक्षा केबल, मागचे दिवे पुढच्या गाडीच्या दिव्यांबरोबर लागावेत म्हणून वायरिंग, आणि पिकअपचं ब्रेक पेडल आपोआप दाबणारं यंत्र. पाचांपैकी ओढायला फक्त पहिल्या दोन गोष्टी लागतात. उरलेल्या तीन थांबण्यासाठी, निसटल्यावर सावरण्यासाठी आणि मागच्याला दिसण्यासाठी. अनेक राज्यांत ३,००० पौंडांपेक्षा जड वस्तू ओढायची तर तिला स्वतःचा ब्रेक हवा असा कायदाच आहे. ब्रिटनमध्ये ‘ए’ दांड्यावरची गाडी ट्रेलर मानली जाते आणि ७५० किलोच्या वर ब्रेक सक्तीचा होतो. पैसा खर्च होतो तो थांबण्यावर, हे ज्यांनी लाखो मैल ओढून पाहिलं त्यांचं म्हणणं आहे.

याच लोकांनी दुसरी एक गोष्ट ध्यानात आणून दिली, जी आपल्या खिंडीतल्या टोचनमध्ये सहसा कुणी पाहत नाही: पिकअपच्या पोटात काय होतं? आपल्या बहुतेक पिकअप मागच्या चाकांवर चालतात. गिअर न्यूट्रलला टाकला तरी मागची चाकं फिरली की प्रॉपेलर शाफ्ट फिरतो आणि त्याच्यासोबत गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट. तेल उडवून सगळीकडे पोचवण्याचं काम मात्र खालचा शाफ्ट करतो, आणि तो फिरतो इंजिनाच्या बाजूने. इंजिन बंद, म्हणून तो स्तब्ध. म्हणजे वरचा शाफ्ट कोरड्यावर फिरत राहतो. नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत दोन-चार किलोमीटर नेताना याने काही बिघडत नाही. श्रीवर्धनहून पनवेलपर्यंत तसंच न्यायचं ठरवलं, तर इंजिनाच्या दुरुस्तीत गिअरबॉक्सची भर घालून घ्यायची तयारी ठेवावी. उपाय सोपा आहे: मागचा प्रॉपेलर शाफ्ट उतरवायचा, चार बोल्टचं काम. अमेरिकेत ज्या चारचाकी-चालन गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये वेगळं न्यूट्रल असतं, त्या ओढायला लोकप्रिय आहेत त्या याच कारणाने. ऑटोमॅटिक गाडीत तेलाचा पंपच इंजिनावर चालतो, आणि विजेच्या गाडीत चाक फिरलं की मोटर फिरते. दोन्ही प्रकार चालकचाकं जमिनीवर ठेवून ओढायचे नाहीत. उचलायचे.

किनाऱ्यावर आणखी एक हिशेब मधे येतो, मिठाचा. अलिबाग-मुरूड पट्ट्यात वाऱ्यासोबत खार येतो, वाळूवरून गेलेल्या गाडीच्या तळाला ओली वाळू चिकटून राहते, आणि टोचनचा हुक म्हणजे गाडीचा सर्वांत खालचा, सर्वांत दुर्लक्षित भाग. वरून रंग शाबूत दिसतो, आतून वेल्डिंग खाऊन गेलेलं असतं. हातोडीने टकटक करून पाहा. चांगलं लोखंड खणखणतं, खाल्लेलं भद्द वाजतं आणि पापुद्रे सोडतं. दोराचंही तसंच. होडीचा तो निळा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा. पाण्यावर तरंगतो म्हणून तो होडीला योग्य, पण उन्हाने ठिसूळ होतो, घासून तापला की लवकर वितळतो आणि नायलॉनइतका ताणत नाही. नायलॉन ताणतो, पण भिजला की त्याची दहा-पंधरा टक्के ताकद जाते. त्यात गाठ मारली की उरलेल्यातली निम्मी गेली असं समजायचं. दोराच्या पुडक्यावर ठळक छापलेलं ‘५ टन’ म्हणजे गाडीचं वजन की दोर तुटण्याचा ताण, हे बहुधा त्या पुडक्यालाही ठाऊक नसतं. त्यापेक्षा क्रेनवाले वापरतात तो पॉलिस्टरचा शिवलेला बेल्ट बरा. तो भिजून अशक्त होत नाही, टोकांना शिवलेले फासे असल्याने गाठ लागत नाही, आणि रंगावरून त्याची क्षमता कळते: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच. पिकअपला पिवळा. शॅकलवर सुरक्षित भाराचा आकडा कोरलेला असेल तोच घ्यायचा, कोरा घ्यायचा नाही. आणि हे सगळं चेसिसच्या हुकाला. बंपरला नाही, पाट्याला नाही, अॅक्सलला तर मुळीच नाही, कारण त्याच्या अंगाला ब्रेकचे पाइप चिकटलेले असतात.

काशीद किंवा नागावच्या वाळूत रुतलेली गाडी हा वेगळा विषय आहे आणि तो टोचन मानू नये. तिथे चाकं फिरत नाहीत, वाळू त्यांना गिळून बसलेली असते, आणि लागणारा ताण गाडीच्या वजनाशी जाऊन भिडतो. हवा कमी करा, चाकांपुढची वाळू उपसा, माणसं लावा, आणि मगच ताणणारा दोर. दांडा इथे निरुपयोगी. भरती पाहून वाट बघण्याइतका वेळ मात्र समुद्र देत नाही, म्हणून गाडी पुळणीवर उतरवायचीच नाही हे सर्वांत स्वस्त साधन.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: दोरावर वर्षानुवर्षं चाललंय, कुणाचं काय बिघडलं? बिघडलेलं असतं ते चेपलेल्या बंपरांवर, फुटलेल्या रेडिएटरवर, तुटलेल्या हुकांवर; त्याला आपण अपघात म्हणत नाही, ‘थोडं लागलं’ म्हणतो. शिवाय चालत आलं ते बहुतेक सपाटीवर, आणि तिथे मीही दोराला हरकत घेणार नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दांडा हजारांत जातो, दोर शेकड्यांत, आणि पिकअपच्या हौद्यात माल ठेवायचा की दोन मीटरची नळी? एकेका गाडीमागे दांडा नकोच. तो नाक्यावरच्या गॅरेजमध्ये, बंदरातल्या सोसायटीत, पेट्रोल पंपावर एक असला की पुरे. शिडी जशी वाडीत एक असते. तिसरा आक्षेप मासेवाल्यांचा, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो: क्रेन यायला दोन-तीन तास, तोवर बर्फ वितळतो, सुरमई नरम पडते. पण इथे गाडी आणि माल यांची गाठ उगाच मारलेली आहे. पेट्या दुसऱ्या पिकअपमध्ये चढवा आणि बाजाराला पाठवा. माल वेळेत पोचतो, आणि मागे उरलेली रिकामी पिकअप तीन टनांची दोन टनांच्या आत येते. तिच्यासाठी क्रेनची वाट पाहायला कुणाची हरकत नसते. आणि दांड्यावर न्यायची ठरली तरी पुढच्या ब्रेकवरचा बोजा तेवढा कमी. हमालीचे शे-दोनशे रुपये हेच इथे टोचनचं सर्वांत परिणामकारक साहित्य.

राहिला प्रश्न हौसेचा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि अलिबाग, दिवेआगर, हरिहरेश्वर ही अशा पर्यटनाला साजेशी ठिकाणं. तेव्हा कुणालातरी वाटणारच की अमेरिकनांसारखी पिकअप मागे अडकवून न्यावी, कॅम्पर एका जागी लावून पिकअपने हिंडावं. कायद्याची वाट इथे बंद आहे, कारण चालती गाडी ‘बिघडलेली’ नसते आणि तिच्या स्टिअरिंगवर कुणी बसलेलं नसतं. दोन्ही अटी मोडतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी रस्ता काय म्हणतो? सात मीटरची कॅम्पर, दीड-दोन मीटरचा दांडा आणि पाच मीटरची पिकअप, अशी चौदा मीटरची गोगलगाय चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधून, दोन्ही बाजूंच्या चिऱ्याच्या गडग्यांना न घासता काढायची. समोरून एसटी आली की मागे घ्यायची, आणि दांड्यावरची गाडी मागे घेताच येत नाही: पिकअपची पुढची चाकं मनाला येईल तिकडे वळतात आणि दोन गाड्यांची घडी पडते. दिघी-आगरदांडा फेरीवर चढायचं तर उताराची ओली फळी, तिच्या तोंडाशी मोडणारा कोन, आणि दांड्याला वर-खाली हलणारा सांधा नसेल तर वाकलेला हुक. इथला किनारा लांबच्या सरळ रस्त्यांचा नाही. कॅम्पर घेऊन आलात तर एकाने पिकअप वेगळी चालवत आणावी, किंवा ती घरीच ठेवावी. अलिबागच्या नाक्यावर मिनीडोर रिक्षा मिळते.

पुढच्या वेळी पिकअप सर्व्हिसिंगला टाकाल तेव्हा मेकॅनिकला तिचे दोन्ही हुक दाखवायला सांगा आणि समोर हातोडी मारून घ्या. आवाज भद्द आला, तर त्या हुकात दोर, बेल्ट, दांडा काहीही अडकवू नका. तुमच्या भागातल्या क्रेनवाल्याचा नंबर डॅशबोर्डवर लिहून ठेवा आणि हुक नवा वेल्ड होईपर्यंत त्याच्यावरच अवलंबून राहा.